घरी नवं पिल्लू आणलंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडं नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सकाळी चंपीला घेऊन टिळकवाडीत फिरायला निघालो की अर्ध्या तासाचा फेरा तासाभराचा होतो. कुणीतरी थांबवतंच, "ओ, आमचं पिल्लू ऐकतच नाही बघा, काय करायचं?" प्रश्न तेच तेच, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. मी पशुवैद्य नाही आणि पगारी ट्रेनरही नाही. आजवर दोन कुत्री वाढवली. पहिल्या राजावर सगळ्या चुका करून झाल्या, त्यामुळं चंपीचं नशीब बरं निघालं. चंपी गावठी. निपाणीजवळ उसाच्या ट्रॉलीखाली सापडली तेव्हा ओंजळीत मावत होती.

पिल्लू किती दिवसांचं आणावं?

आठ आठवडे पुरे झालेलं. विकणारे तीस-पस्तीस दिवसांचंच गळ्यात मारतात, कारण त्या वयात ते कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं आणि लगेच खपतं. पण आईपाशी आणि भावंडांत काढलेले पुढचे तीन-चार आठवडे फार मोलाचे असतात. खेळताना जोरात चावा बसला की भावंड केकाटतं, खेळ मोडतो. दाताला किती जोर लावायचा हे पिल्लू तिथं शिकतं. लवकर तोडलेलं पिल्लू पुढं हाताला कचकन चावतं आणि घरचे म्हणतात, जातच वाईट. सापडलेल्या पिल्लाला इलाज नाही. चंपी महिन्याचीच होती, आणि तिला ते भान यायला आम्हाला बरेच महिने झटावं लागलं.

रात्रभर कुईं कुईं करतंय. शेजारी बोलायला लागलेत. काय करू?

जन्मल्यापासून ते भावंडांच्या ढिगात झोपलंय. तुम्ही त्याला एकदम व्हरांड्यात पोत्यावर एकटं टाकलंत, मग ते रडणारच. पहिले आठ-दहा दिवस खोका तुमच्या अंथरुणाशेजारी ठेवा. रात्री हात खाली सोडला तर त्याला लागला पाहिजे, इतका जवळ. आत जुनी गोधडी किंवा तुमचा वापरलेला बनियन घाला. पुढं खोका रोज हातभर लांब सरकवत जिथं कायम झोपवायचंय तिथपर्यंत न्या. मध्यरात्री एकदा शू करायला उचलून बाहेर न्यावं लागतं, त्यातून सुटका नाही. त्या वेळी दिवा लावून खेळत बसू नका, नाहीतर त्याला रोज दोन वाजता खेळायची सवय लागेल.

घरभर शू करतंय. नाक घासलं की कळतं म्हणतात, खरं का?

कळतं, पण भलतंच कळतं. राजाच्या वेळी मीही वडीलधाऱ्यांचं ऐकून त्याचं नाक फरशीवर घासलं, वर वर्तमानपत्राची गुंडाळी मारली. आठवड्यात घरात शू दिसेना. मी खूश. पण बाहेर नेलं की हा पठ्ठ्या अर्धा तास नुसता माझ्याकडं बघत उभा राहायचा, करायचा काही नाही. श्रावणात तांदळाचं पोतं हलवलं तेव्हा वासानं उलगडा झाला. भिंत आणि पोत्याच्या फटीत हा गुपचूप शू करत होता, खाली बघितलं तर पोत्याचं बूड पिवळं पडून कुजलेलं. राजा जे शिकला होता ते एवढंच, की माणसासमोर शू केली की मार बसतो.

त्यामुळं मार बंद, वेळ पाळा. झोपून उठलं की, खाऊन झालं की आणि खेळून झालं की, तिन्ही वेळा उचला आणि ठरलेल्या एकाच जागी न्या. हिशेब सोपा आहे. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते दिवसा दम धरू शकतं. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून सहा तासांची अपेक्षा धरली तर चूक तुमची. बाहेर केलं की तिथंच, त्याच क्षणी खाऊ आणि शाबासकी. घरात आल्यावर दिलात तर त्याच्या लेखी तो खाऊ घरात आल्याबद्दलचा. आत केलेलं दिसलं तर गप्प पुसा. साधं फडकं मारून भागत नाही. वास राहिला की ते परत तिथंच बसतं, म्हणून व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यानं पुसा. अमोनियाचा वास येणारी लादी पुसायची औषधं टाळा, त्याच्या नाकाला तो शूचाच वास लागतो.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न पावसाचा. जून ते सप्टेंबर इथं आभाळ फाटलेलं असतं, खानापूरकडं तर विचारूच नका. ओल्या जमिनीवर पाय ठेवायला पिल्लं तयार नसतात. पावसाळ्यात पिल्लू आणलं असेल तर पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पसरट घमेल्यात अंगणातली माती आणि गवताचा तुकडा घालून पडवीत ठेवा आणि तिथंच न्या. उघडीप मिळाली की घमेलं रोज थोडं अंगणाकडं सरकवा. पायाखाली मातीच असल्यामुळं पुढं अंगण वेगळं शिकवावं लागत नाही. नुसत्या वर्तमानपत्रावर शिकवलेलं पिल्लू मात्र पुढं सोफ्याजवळ पडलेल्या ताज्या पेपरवरही निवांत बसतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

आज्ञा कुठल्या भाषेत द्यायच्या? घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि पोरं इंग्लिशमध्ये 'सिट सिट' करतात.

सीमाभागात हा प्रश्न माणसांचाच सुटला नाही, कुत्र्याचा तरी कसा सुटावा! पण कुत्र्याला भाषा नसते, आवाज असतो. एका कामाला एकच आवाज, आणि तो घरातल्या सगळ्यांनी वापरायचा. आजोबा 'खाली बस', आई 'बसतोस का नाही', पोरगा 'सिट' आणि भाजीवाली 'कूडु' म्हणते तेव्हा पिल्लाला चार शब्द ऐकू येतात आणि ते एकही धरत नाही. मग सगळे मिळून म्हणतात, अडाणी आहे.

शब्द निवडताना दिवसभर घरात काय बोललं जातं तेही ऐका. मराठी घरात 'ये' ही आज्ञा अवघड जाते, कारण आपण सारखं 'ए, इकडं बघ', 'ए, ऐकलंस का' करत असतो. कुत्र्याला 'ए' आणि 'ये' सारखंच. दहा वेळा उगाच ऐकलं की अकराव्या वेळी ते कान हलवत नाही. म्हणून आम्ही चंपीला बोलवायला कन्नडमधला 'बा' घेतला. आमच्याकडं वडिलांना अप्पा म्हणतात, त्यामुळं जमून गेलं. तुमच्या घरात 'बाबा' असतील तर हा शब्द घेऊ नका. 'बस'चीही एक गंमत. शेजारी बसवराज नावाचा मुलगा, सगळे त्याला बसू म्हणतात. त्याची आई गच्चीवरून 'बसूऽऽ' अशी हाक मारायची आणि इकडं आमची चंपी अंगणात धपकन बसायची. शेवटी आम्ही 'खाली' हा शब्द धरला.

पाच-सहा शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा. यात खरी मेहनत कुत्र्याला शिकवायची नसते, आज्जीला 'बस बाळा, बस माझ्या राजा' म्हणण्यापासून थांबवायची असते.

'बस' किंवा 'खाली' नेमकं शिकवायचं कसं?

जेवणाआधी, भूक असताना, तीन ते पाच मिनिटं. हरभऱ्याच्या दाण्याएवढा खाऊ चिमटीत धरा आणि त्याच्या नाकाला लावा. मग हात हळूच डोक्यावरून मागं न्या. नाक वर जातं तसं ढुंगण आपोआप खाली येतं. टेकलं रे टेकलं की 'हं' म्हणा आणि खाऊ तोंडात. एवढंच. हात फार उंच नेलात तर ते उडी मारतं, फार भरभर नेलात तर मागं चालत जातं. दोन्ही वेळा चूक हाताची. पाठ दाबून बसवू नका.

पहिले दोन दिवस तोंडानं शब्द काढायचाच नाही. दहातल्या आठ वेळा हाताबरोबर बसायला लागलं की मग हात हलवायच्या आधी शब्द म्हणा. लोक उलटं करतात. पिल्लू इकडं तिकडं बघत असतं आणि हे 'बस, बस, बस, बस' जप करत असतात. पिल्लू त्यातून एवढंच शिकतं की 'बस' हा दुर्लक्ष करायचा आवाज आहे.

आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही. खाऊ म्हणून काय द्यायचं?

बेळगावात जैन आणि लिंगायत घरं भरपूर, त्यामुळं हे रोज विचारतात. पनीरचे बारीक तुकडे, उकडलेलं रताळं, गाजर, मसाला नसलेले फुटाणे मोडून, एवढ्यावर भागतं. ज्यांच्यात चालतं त्यांनी मीठ-मसाल्याशिवाय उकडलेलं चिकन घ्यावं, त्यापुढं कुठलंही कुत्रं नाही म्हणत नाही. रोजच्या जेवणाचं मात्र डॉक्टरांना विचारून ठरवा. नुसत्या दूध-चपातीवर वाढत्या पिल्लाची हाडं धरत नाहीत.

काय अजिबात द्यायचं नाही?

कांदा-लसूण, म्हणजेच उरलेला मटणाचा रस्साही. चॉकलेट. द्राक्षं आणि बेदाणे, त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अथणी, विजापूरकडच्या बेदाण्यांची पिशवी घरोघरी असते, शिवाय गोकाकच्या करदंटात बेदाणे असले तर तोही नको. कुंदा विषारी नाही, पण एवढी साखर आणि खवा पिल्लाच्या पोटाला झेपत नाही. शिजलेली हाडं तुटून टोकदार होतात आणि घशात, आतड्यात रुततात.

आणि निपाणी, चिकोडीकडच्यांना खास सांगणं, तंबाखू. घरात पुडी, वखारीत पाला, शेतात वाळवण, आणि पिल्लू दिसेल ते चघळतं. निकोटिननं लाळ गळणं, उलट्या, थरथर सुरू होते आणि जीव जाऊ शकतो. असं दिसलं की मिठाचं पाणी वगैरे पाजत बसू नका, तडक दवाखान्यात न्या. उसाच्या फडात उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाच्या गोळ्यांचंही तसंच.

हाताला, पायाला, परकराच्या काठाला चावतंय.

साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत पक्के बेचाळीस येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. त्याला चघळायला काहीतरी द्या. ओला पंचा पिळून, गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवलेला आमच्याकडं सगळ्यात जास्त चालला. हाताला चावलं की 'आई गं' करून खेळ लगेच थांबवा, उठून दुसऱ्या खोलीत जा, अर्ध्या मिनिटानं परत या. हात झटकत ओरडलात तर त्याला तो खेळच वाटतो. लहानपणी पोरं हातानं झोंबाझोंबी खेळतात, सगळे हसतात. तेच कुत्रं वीस किलोचं झालं की कुणी हसत नाही.

चपला?

उचलून ठेवा. जुनी चप्पल खेळायला द्यायची आणि नवी कुरतडली की रागवायचं, हे कुत्र्याच्या डोक्यात बसत नाही.

लस पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढायचं नाही ना?

इथं दोन्ही बाजूंनी चूक होते. लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांनी, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिने झाल्यावर, मग वर्षानं आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी. सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस पुरे होईस्तोवर जमिनीवर ठेवून गल्लीत फिरवायचं नाही, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार मोकाट कुत्र्यांच्या विष्ठेतून, थुंकीतून येतात. पार्व्हो तर चांगलं खेळतं पिल्लू दोन दिवसांत नेतो. टिळकवाडीतल्यांना मी सांगतो, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर न्यायच्या आधी व्हॅक्सिन पुरं करा.

पण पिल्लाचं जग ओळखायचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतं. त्या काळात जे बघितलं नाही त्याची पुढं भीती बसते. म्हणून कडेवर घेऊन न्या. रिक्षा, सरकारी बस, म्हशी, टोपीवाले आजोबा, बुरख्यातल्या बाया, हेल्मेट घातलेला माणूस, देवळाची घंटा, पत्र्यावर पडणारा पाऊस, सगळं दाखवा, ऐकवा, आणि प्रत्येक वेळी एक खाऊ तोंडात घाला. राजाला आम्ही पाच महिने अंगणातच ठेवलं. तो मरेपर्यंत छत्री उघडली की पलंगाखाली शिरायचा. बेळगावात राहून छत्रीला भिणारं कुत्रं!

पट्टा ओढत नेतंय, खांदा उखडायची वेळ आलीय.

पट्टा ताणला की झाडासारखं उभं राहा. सैल सोडला की चाला. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दोन घरं ओलांडाल, दुसऱ्या आठवड्यात गल्ली. छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या, गळ्याला कमी झटका बसतो. सकाळी लवकर कॅम्पातले रस्ते शिकवायला चांगले, रुंद आणि झाडांचे. किल्ला तलावाला सुरुवातीला नेऊ नका, तिथं माणसं आणि कुत्री दोन्ही फार.

गल्लीतली कुत्री अंगावर येतात.

पळायचं नाही, पिल्लाला उचलून डोक्यावर धरायचं नाही. त्यानं ती अजून उड्या मारतात. पिल्लाला पायामागं घ्या, सरळ उभे राहा, ठाम आवाजात 'हाड' म्हणा आणि हळूहळू बाजूला व्हा. मूठभर बिस्किटं लांब फेकली तर निम्मा प्रश्न मिटतो. त्यातली दोन-तीन कुत्री रोजची ओळखीची करून टाकली तर पुढं तीच तुमची राखण करतात.

मुधोळ जातीचं कुत्रं घेतोय. घरात राहील?

जागा असेल तर घ्या. मुधोळ आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, मुधोळच्या घोरपडे घराण्यातल्या मालोजीराजांनी ही जात जोपासली, आणि २००५ साली डाक खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं. २०१६ मध्ये भारतीय सैन्यानं मुधोळची पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला नेली. एवढा मान असला तरी हा मुळात नजरेवर शिकार धरणारा कुत्रा. समोर ससा, मांजर, कोंबडी पळाली की कान बंद होतात. म्हणून कुंपण नसलेल्या जागी लांब दोरीशिवाय सोडू नका, आणि 'बा' किंवा जो काही तुमचा बोलवायचा शब्द असेल तो पहिल्या दिवसापासून पक्का करा. कातडी पातळ, केस तोकडे, डिसेंबरच्या थंडीत झूल लागते. स्वभावानं हळवा. एकदा आरडाओरडा केला की दोन दिवस जवळ येत नाही. फ्लॅटमध्ये ठेवून संध्याकाळी पंधरा मिनिटं फिरवणार असाल तर त्याला तिथंच मुधोळला राहू दे. घ्यायचाच असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथं आधी चौकशी करा. संकेश्वर, गडहिंग्लजच्या बाजारात मुधोळ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लांब तोंडाच्या पिल्लावर विश्वास ठेवू नका.

शेतावर राखणीला पाहिजे. दिवसभर बांधून ठेवलं की तिखट होतं ना?

तिखट होत नाही, वेडं होतं. दिवसभर खांबाला बांधलेलं कुत्रं वाऱ्याला भुंकतं, दूधवाल्यावर धावतं, आणि सुटलं की घरच्याच लेकराला चावतं. राखण कुत्र्याच्या रक्तात असते, ती शिकवावी लागत नाही. कुठं थांबायचं ते शिकवावं लागतं. बांधाच्या कडेनं रोज दोन वेळा फेरी मारा, माणसं ओळखीची करा, आणि घरचं माणूस आलं की 'पुरे' या शब्दावर गप्प व्हायला शिकवा. गोचीड मात्र शेतावर रोज बघायची, कानात, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली. गोचीडतापानं चांगली धडधाकट कुत्री जातात.

गणपती, दिवाळी आणि शिवजयंतीला काय करायचं?

आपल्याकडं शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, डीजेच्या दणक्यानं खिडकीच्या काचा वाजतात. मोठी माणसं कानावर हात ठेवतात तिथं कुत्र्याचं काय. दोन-तीन महिन्यांच्या वयापासून मोबाईलवर ढोल-फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावून त्याच वेळी जेवण द्या, आठवड्या-आठवड्यानं आवाज वाढवा. त्या दिवशी फिरवणं अंधार पडायच्या आत उरका. रात्री मधल्या खोलीत पंखा आणि टीव्ही लावून ठेवा. जवळ येऊन बसलं तर बसू द्या. कुरवाळलं की भीती वाढते हे खोटं आहे. आणि पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला बिल्ला हवाच, कारण घाबरलेलं कुत्रं दिशा न बघता पळतं.

पिल्लाचा दात लागला, नुसता ओरखडा आहे. चालतंय ना?

नाही चालत. साबण आणि वाहतं पाणी घेऊन १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण मनातल्या मनात मोजलेली १५ मिनिटं तीनच असतात. हळद, चुना, मिरचीपूड काही लावू नका. मग त्याच दिवशी दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात रेबीजची लस मिळते, डोस ठरलेल्या दिवशीच घ्यायचे, मधेच सोडायचे नाहीत. पिल्लू लहान आहे, घरचं आहे, याचा काही उपयोग नाही. त्याची स्वतःची लस झालेली नसते आणि ते कुठून आलं ते तुम्हाला ठाऊक नसतं. लक्षणं दिसल्यावर रेबीजमधून माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

मोठं झालेलं कुत्रं आणलंय, तीन-चार वर्षांचं. शिकेल?

शिकेल. पिल्लापेक्षा लवकर, कारण त्याचं लक्ष टिकतं. पहिले दोन-तीन आठवडे काही मागू नका, घर ओळखू द्या.

शेकहँड कधी शिकवायचं?

शू बाहेर करायला लागल्यावर. चंपीला अजून येत नाही. हात पुढं केला की ती पंजा द्यायच्या ऐवजी आडवी होते आणि पोट दाखवते. पाहुण्यांना तेवढं पुरतं.